फ्लोटची सुई

आईची व्हॅन माझ्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि दुरुस्त झालेली होती. किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात लागायची, पेट्रोलवरही आणि गॅसवरही. आई देवळीहून रोज फोन करायची, "झाली का रे गाडी?" आणि मी वर्ध्यात मागच्या दारात उभा राहून, त्या ताडपत्रीकडे बघत सांगायचो, "नाही ना आई. पार्ट मिळत नाही."

हे ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने लिहून ठेवतो.

आई देवळीच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर, बरोबरीच्या बायका गुडघ्यांविषयी बोलू लागल्या तेव्हा, ती गाडी शिकली. बाबा तेव्हा होते. ते शेजारच्या सीटवर खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसायचे आणि आई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायची, "हात काढा तिथून. माह्यावर भरोसा नसन तर पायी चला." बाबा गेल्यावर ती एकटीच चालवू लागली. शाळेतल्या तिच्या तीन जुन्या सहकारी बायका तिच्या कायमच्या सवाऱ्या. दवाखाना, लग्नं, मयती, आणि दरवर्षी थंडी संपता संपता गिरड. टेकडीवर दर्ग्यात जाऊन यायचं आणि खाली झाडाखाली चूल मांडून स्वयंपाक करायचा. नवस कोणाचा होता आणि कशासाठी होता हे आता त्या चौघींपैकी कोणालाच सांगता येत नाही. जाणं तेवढं राहिलं आहे.

गाडी घेतली तीच जुनी. कार्बोरेटरची, आणि आधीच्या मालकाने वरून गॅसचं किट बसवलेली. स्टेअरिंगच्या खाली एक बटण होतं. वर केलं की पेट्रोल, खाली केलं की गॅस, आणि मध्ये ठेवलं की दोन्ही बंद. ते मधलं कशासाठी, हे किट बसवणाऱ्याकडून आईने विचारून घेतलं होतं. कार्बोरेटरमध्ये एक लहानशी वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठलेलं असतं. पेट्रोलवरून एकदम गॅसवर गेलं तर वाटीतलं पेट्रोल आणि गॅस दोन्ही इंजिनात जातात आणि गाडी गुदमरते. म्हणून बटण आधी मध्ये आणायचं, वाटीतलं पेट्रोल संपू द्यायचं, इंजिन जरा खोकलं की मग गॅसवर टाकायचं.

आईने त्याची एक शिस्त बसवून घेतली होती. सकाळी गाडी पेट्रोलवर काढायची. गल्लीतून दूध डेअरीपर्यंत पेट्रोल. डेअरीपाशी बटण मध्ये. पुढे यवतमाळ रस्त्याच्या तोंडाशी येईस्तोवर इंजिन खोकायचं, तिथे गॅस. वर्षानुवर्षं ती हे करत होती, शाळेची घंटा द्यावी तसं.

मी ते बंद केलं.

दोनेक वर्षांपूर्वी एकदा तिच्या शेजारी बसलो असताना म्हणालो, "आई, कायले एवढा खटाटोप? सरळ गॅसवरच चालू करत जा. पेट्रोल किती महाग झालं, पाहते ना." ती म्हणाली, "इंजिन थंडं असते ना बापू सकाळी." मी म्हणालो की आता सगळेच गॅसवर चालू करतात. सगळे म्हणजे कोण, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण घरात गाडीतलं कळणारा मी समजला जातो. कॉलेजात असताना बाबांच्या स्कूटरचा कार्बोरेटर मी अंगणात उघडून साफ करायचो, तेवढ्या पुण्याईवर. पेट्रोलचं कारणही निम्मंच खरं होतं. या वयात तिला बटणाची एवढी उस्तवार जमणार नाही, असं मला वाटत होतं. ती जमवत होती, हे समोर दिसत असताना वाटत होतं. तिने ऐकलं. टाकीत नावापुरतं पेट्रोल राहिलं आणि बटण कायम खाली.

पहिला हिवाळा कसाबसा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात गाडी बंद पडू लागली. पडायची ती नेमकी गल्लीतून यवतमाळ रस्त्यावर चढताना, अर्धी आत, अर्धी बाहेर. दोन्ही बाजूंनी कापसाचे ट्रक. आई बटण पेट्रोलवर करायची, सेल्फ मारत राहायची, गाडी लागायची नाही. मग चहाच्या टपरीवरचे लोक येऊन ढकलायचे. त्यांच्यातल्याच एकाने मला फोन केला, "साहेब, बाईले समजवा थोडं. एखाद्या दिवशी फोटो टांगायची पाळी येईन."

त्यातच बाजाराच्या दिवशी एक प्रकार झाला. भाजीवाल्यांच्या रांगेपाशी गाडीने अचानक पुढे धक्का मारला, एका दुकानाचा बांबू पाडला आणि बंद पडली. वरची ताडपत्री वांग्यांवर येऊन बसली. कोणाला लागलं नाही. आईने फोनवर एवढंच सांगितलं, "गाडीनं झटका मारला." नागपूरच्या ताईला हे कळलं तेव्हा ती रडली आणि मग चिडली. ताई मोठी आहे. लहानपणापासून काळजीचं खातं तिच्याकडे आणि दुरुस्तीचं माझ्याकडे.

देवळीच्या मेकॅनिकने प्लग बदलले, गॅस कमी-जास्त करून पाहिला आणि हात पुसत मला म्हणाला, "भाऊ, गाडीही म्हातारी झाली अन् बाईही. दोघींच्याही कार्बोरेटरमंधी कचरा जमा झाला. एक तं किट काढून फेका, नाई तं गाडीच फेका."

आई तिथेच उभी होती. "तुह्या कार्बोरेटरमंधी मीच भरला होता लेका, दुसरीत," ती म्हणाली. "तो कचराच निंघाला."

तो हसला. मीही हसलो, पण त्याचं म्हणणं मला पटलं होतं. मी व्हॅन वर्ध्याला घेऊन आलो. आणताना सांगितलं, की नीट पाहतो. मनात मात्र होतं की गाडी एकदा देवळीच्या बाहेर काढावी, मग बघू.

तरी रविवारी मी ती उघडलीच. हाताला चैन पडत नव्हती. दोन इंधनांच्या गाडीत दोष शोधण्याची एक सोय असते. दोन्हीवर त्रास असेल तर प्लग, वायरी, हवा. फक्त पेट्रोलवर असेल तर कार्बोरेटर. फक्त गॅसवर असेल तर किट. सकाळी थंड्या इंजिनावर मी ती गॅसवर चालू केली आणि शेडबाहेर काढून गल्लीला एक फेरी मारली. परत येईस्तोवर बंद पडली. बॉनेट नव्हे, या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून पाहिलं तर गॅसच्या रेड्युसरवर चक्क दव धरलं होतं, हात लावला तर बर्फासारखा. द्रवाचा वायू होताना तो भाग गार पडतो. इंजिनाचं गरम पाणी त्याच्याभोवती फिरत असतं म्हणून तो गोठत नाही. पण पाणीच गरम झालेलं नसेल, तर थोडं अंतर जाऊन गॅस अडकतो. आईच्या घरापासून यवतमाळ रस्त्यापर्यंत जेवढं अंतर आहे, साधारण तेवढंच.

मग पेट्रोलवर का लागत नव्हती? कार्बोरेटर काढला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून उघडला. वाटी कोरडी होती. तळाशी मधासारखा घट्ट, तपकिरी थर. उभ्या-उभ्या वाळलेल्या पेट्रोलचा. त्याला जुन्या वार्निशचा वास येत होता. जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचं बारीक भोक असलेला पितळी स्क्रू, उन्हाकडे धरून पाहिला. आरपार काहीच दिसलं नाही. पेट्रोल वर चढलं की फ्लोट नावाचा तरंगता डबा एक सुई वर ढकलतो आणि येणारं पेट्रोल बंद होतं. ती सुई जागच्या जागी चिकटून बसली होती.

गाडीला दुसरा आजार नव्हता. रोज डेअरीपर्यंत पेट्रोल जात राहिलं असतं तर वाटी वाळली नसती, आणि गॅस लागेपर्यंत पाणी गरम झालं असतं. मी पायरीवर बसून राहिलो. आईच्या हातून गाडी रस्त्यात बंद पडत होती, त्यावरून आम्ही दोघा भावंडांनी तिचं वय काढलं होतं.

एकच गोष्ट यात बसत नव्हती. बाजारातला धक्का. तेव्हा गाडी तापलेली होती, गॅस गोठण्याचा प्रश्न नव्हता, आणि असल्या दोषाने गाडी मरते, उडी मारत नाही. मी ते सोडून दिलं.

दुकानातून दुरुस्तीचं पाकीट आणलं. त्यात नवी सुई, रबरं, पॅकिंग, सगळं होतं. दुकानदाराने मागे न बघता ड्रॉवरमधून काढून दिलं. जेट पेट्रोलमध्ये भिजत ठेवून फुंकून साफ केला. संध्याकाळपर्यंत गाडी पेट्रोलवर अशी चालू लागली, की वाटीभर पाणी ठेवलं असतं तर हललं नसतं. ताईला फोन केला.

"झाली," मी म्हणालो.

"आईला सांगितलं?"

"नाही अजून."

 ती म्हणाली, "मग नको ना सांगू यार. राहू दे बिघडलेली. आपण तिला नाही म्हणायला नको, तिनं रागवायला नको. बिघडलेली गाडी कोण चालवते? दोन-चार महिन्यांत विसरून जाईल."

"दोष तिचा नव्हता पण ताई. मी तिला..."

"दोष कोणाचा का असेना. त्या ट्रकवाल्याला माहीत राहते का कोणाचा दोष आहे ते?"

 मी गाडीवर ताडपत्री टाकली. बायको दारात उभी राहून बघत होती. "हे बरं नाही करून राहिले तुम्ही," ती म्हणाली.

खोटं बोलणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. आई विचारायची, कोणता पार्ट. मी म्हणालो, फ्लोटची सुई. ती काय असते, तर समजावून सांगितलं. पाण्याच्या टाकीत बॉल असतो, तसंच. तिने लक्ष देऊन ऐकलं, प्रश्न विचारले. रोज मी एखादा तपशील वाढवायचो. वर्ध्यात नाही. नागपूरला सांगून ठेवली. ही गाडी आता निघतच नाही ना. ती काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून दवाखान्यात जाऊन यायची आणि मला फोनवर ते सांगायची नाही. तिच्या मैत्रिणीच्या सुनेकडून मला कळायचं. गिरडचा दिवस जवळ येत होता. "नाई जमलं तं यंदा राहू देऊ," एकदा ती म्हणाली. ते ऐकून मला जे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

एका रविवारी दुपारी आई बसने आली. न कळवता. पाणी प्यायली, आणि कमरेची पिशवी काढून त्यातून एक गाठ मारलेला रुमाल काढला. रुमालात सुई होती.

"भेटली," ती म्हणाली. "आपल्या मेकॅनिकपाशी एक भंगारातली व्हॅन उभी होती न मागं, तिचा कार्बोरेटर उघडून काढली. नाई म्हणत होता. म्या म्हटलं, काढल्याशिवाय जात नाई मी इथून. स्टुलावर बसून राह्यली त्याच्या. लाव आता."

सुई तळहातावर घेतली. टोकाला झिजून खाच पडली होती, ती कोणत्याच कार्बोरेटरला चालली नसती. मला एक वाट मोकळी होती. झिजलेली आहे, बसत नाही, एवढंच म्हणायचं; आणि ते खरंही होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, हे इथे लिहायलाच हवं.

पण तोवर आई शेडमध्ये पोचली होती. तिने ताडपत्री एका बाजूने ओढून काढली, पालथी बादली घेतली आणि दारासमोर बसली. "बसव. मले पाहू दे कुठं लागते ते."

मी पुढची सीट उचलली. हवेचा पाइप काढला. कार्बोरेटर दिसू लागला, मी धुऊन-पुसून लख्ख केलेला, स्क्रूंची डोकी चकाकत होती. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन मी तसाच वाकून उभा राहिलो.

"चांगला साफ केला," आई म्हणाली. "मग काऊन थांबला?"

मी सांगितलं. गाडी कधीचीच दुरुस्त आहे हे सांगितलं, आणि ती बिघडली होती माझ्या सांगण्यामुळे, हेही सांगितलं. रेड्युसर, दव, वाटीतला थर, सगळं. ताईचं नाव मी घेणार नव्हतो, पण ते आलंच.

तिने आधी दुसऱ्याच गोष्टीला हात घातला. "म्हणजे मी डेअरीपर्यंत पेट्रोलवर नेत होती, ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"अन् तू म्हणला, कायले एवढा खटाटोप."

"हो."

"मले वाटे, माह्याच हातात काई राह्यलं नाई आता. बटन दाबलं तं गाडी लागत नाई, लोकं हसून राह्यले. रात्री झोपताना पायानं क्लच दाबून पाहो मी." ती बादलीवरून उठली नाही. "दोघांनी मिळून ठरवलं?"

"हो."

"अन् मी त्याच्या स्टुलावर बसून राह्यली."

बायकोने चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली. आईने चहा बशीत ओतला, थंड होऊ दिला, प्यायला नाही. मग वांग्यांविषयी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "बजारात मात्र गाडीनं झटका नव्हता मारला. ती माह्यी चूक. मांगं घ्याची होती, म्या रिव्हर्स समजून पह्यला टाकला."

मी तिच्याकडे पाहिलं. न बसणारा तुकडा बसला होता.

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही विचारलं थोडंच? तुम्ही तं ठरवूनच आलते. त्यात मी अजून एक लाकूड काऊन टाकू?"

आता माझ्याजवळ किल्ली न देण्याचं खरं कारण होतं, पहिल्यांदाच. तेही तिनेच दिलेलं. किल्ली माझ्या खिशात होती आणि माझा हात खिशाजवळ जाऊन थांबला. आईला तो दिसला. शाळेत मुलाने उत्तर देण्याची वाट बघावी तशी ती वाट बघत राहिली. घाई केली नाही, मदतही केली नाही.

मी किल्ली दिली. नीट विचार करून दिली असं म्हणता येणार नाही. न देण्याचा अधिकार आपण त्या ताडपत्रीखाली घालवून बसलो आहोत, असं मला वाटलं. एखाद्याच्या जिवाचा प्रश्न असताना हे कारण पुरतं का, मला माहीत नाही.

"बजाराच्या दिवशी पायी जाईन," किल्ली घेत ती म्हणाली. "अंधारात काढणार नाई. याच्यापुढं मले काई सांगजो नको."

त्या संध्याकाळी ऊन असतानाच आम्ही देवळीला गेलो. ती चालवत होती. रात्री मी तिथेच राहिलो, कारण थंड्या इंजिनावर गाडी पाहिल्याशिवाय मला जायचं नव्हतं.

सकाळी तिने पेट्रोलवर गाडी काढली. डेअरीपाशी बटण मध्ये आणलं. यवतमाळ रस्त्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा इंजिन खोकलं, एकदा, दोनदा. तिने गॅसवर टाकलं. क्षणभर काहीच नाही. मागून एका ट्रकने हॉर्न वाजवला, लांबलचक. "वाजव बापू, वाजव," आई आरशात बघून म्हणाली. मग इंजिनाने आवाज धरला आणि आम्ही रस्त्यावर चढलो.

"हात काढ तिथून," ती म्हणाली. मी खिडकीवरचं हँडल धरलं होतं.

मेकॅनिकच्या दुकानासमोर तिने गाडी उभी केली. तो दात घासत बाहेर आला. "काय बाई, बसली का सुई?"

मी तोंड उघडणार होतो.

"बसली न," आई म्हणाली. "तुह्याच सुईनं चालून राह्यली."

"पाहा! म्हणत होतो न मी," तो म्हणाला. त्याने तसं कधीच म्हटलं नव्हतं. आईने गाडी पुढे घेतली. सुई रुमालात, तिच्या कमरेच्या पिशवीत होती. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणणाऱ्या बाईला मी सकाळी सकाळी भर रस्त्यात हे करायला लावलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सहज नाही पाहिलं, की मुद्दाम, हे मी ठरवू शकलो नाही.

त्या चौघी गिरडला जाऊन आल्या. ताईला मी आदल्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "काही झालं तर मला फोन करू नको," आणि त्या दिवशी तिनेच मला दर तासाला फोन केला. अजून ती माझ्याशी तुटक बोलते. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आई आता रोज फोन करत नाही. मी करतो. तिने उचलला नाही, की गाडीवर असेल असं समजतो, आणि पुन्हा करण्याआधी थांबतो.